न येणाऱ्या वासाची तक्रार

लीड्स, रविवार
(दुपार आहे, पण दिवे लावून लिहितोय)

तीर्थस्वरूप सुलक्षणामावशीस,

उल्हासचा साष्टांग नमस्कार. (कामाचा ओव्हरऑल उतरवून, दोनदा अंघोळ करून मगच घालतोय, तेव्हा निःशंक मनाने घे.) तुझे गुडघे कसे आहेत? मिरजेत थंडी पडली का? खालच्या मजल्यावरच्या लोकांनी जिन्यातली सायकल हलवली का, की अजून तू तिला वळसा घालूनच भाजीला जातेस? पाकीट बघून दचकू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. फोनवर आपलं बोलणं होत नाही म्हणून लिहितोय. कानातलं यंत्र तू डबीत जपून ठेवतेस आणि व्हिडिओवर मला तुझं अर्धं कपाळ आणि छताचा पंखा एवढंच दिसतं. मागे एकदा मी 'एकटं वाटतं' म्हणालो तर तू 'एरंडेल घे' म्हणालीस. मी घेतलं नाही, पण तुझा सल्ला दोन दिवस पुरला, कारण आठवलं की हसू येत होतं.

माझी तब्येत ठीक. वजन वाढलंय. इथे संध्याकाळ दुपारीच येते आणि मग जायचं नावच घेत नाही, त्यामुळे माणूस खातो. तू विचारलं होतंस, तिथे आपली माणसं आहेत ना म्हणून. आहेत की. गणपतीत मी इथल्या मराठी मंडळात गेलो होतो. छान कार्यक्रम होता, मोदक होते, आरतीला झांजा होत्या. जेवणाच्या रांगेत माझ्यापुढे एक भूलतज्ज्ञ होते, फार सज्जन माणूस. त्यांनी विचारलं, 'तुम्ही काय करता?' मी म्हणालो, 'मैलापाण्याचे पंप बघतो.' ते 'वा वा, फार इम्पॉर्टंट काम' असं म्हणाले आणि बोलता बोलता त्यांची ताटली हळूच डाव्या हातातून उजव्या हातात गेली. म्हणजे माझ्यापासून लांबच्या हातात. त्यांच्या ते लक्षातही आलं नसेल. मी मोदक खाल्ला आणि घरी आलो.

तू सोसायटीत सगळ्यांना 'उल्हास हायड्रॉलिक्समध्ये आहे' असं सांगतेस हे मला ठाऊक आहे, आणि ते खोटंही नाही. पण आज नीट सांगतो, कारण पुढची हकीकत त्याशिवाय कळायची नाही. (जेवत असशील तर हा परिच्छेद मागून वाच.) इथली गावं टेकडीच्या उतारावर असतात. घराघरातून जे काही खाली जातं ते गडगडत गावातल्या सगळ्यात खोल जागी येतं. तिथे जमिनीखाली एक विहीर बांधलेली असते, आणि त्या विहिरीत बुडवून ठेवलेले दोन पंप ते सगळं टेकडीपलीकडच्या शुद्धीकरण केंद्राकडे ढकलतात. पंप चालू असले तर आपण जगात आहोत हे कुणाला माहीत नसतं. बंद पडले की अख्ख्या गावाला आपलं नाव पाठ होतं. आणि ते बंद पडतात वाइप्समुळे. बाळाला पुसायचे, तोंड पुसायचे, ओटा पुसायचे ओले रुमाल लोक संडासात टाकतात आणि विसरून जातात. ते मात्र विसरत नाहीत. पंपाच्या पात्याभोवती ते एकमेकांत गुंफून अशी घट्ट वेणी घालतात, की तुझ्या शाळेतल्या मुलींनी बघून शिकावं. ती वेणी कापून काढणं हे माझं हायड्रॉलिक्स.

माझ्या साहेबाचं नाव अक्षया. वयाने माझ्या निम्मी असेल. आईवडील दोघेही डॉक्टर, मूळचे नागपूरचे. ही जन्मली लीड्समध्ये. मीटिंगमध्ये ती मला 'उल्हास' म्हणते आणि व्हॅनमध्ये बसलो की 'उल्हासकाका'. तिच्या तोंडी मराठीतल्या बायांचे बुवे आणि बुवांच्या बाया होतात. 'काका, तो मोटर जळला का?', 'मीटिंग चांगला झाला', 'माझा आई विचारत होता'. मी एकदाही चूक काढली नाही. आठवडाभरात कानावर पडणारं मराठी तेवढंच. त्यात व्याकरण कुठे तपासत बसू? तर या अक्षयाला कंपनीने तिचं पहिलं स्वतंत्र काम दिलं: बेक लेनवरचं जुनं पंपिंग स्टेशन नवं करायचं. जुने पंप काढायचे आणि वाइप्सचे तुकडे करणारे, स्वतःचा वेग स्वतः ठरवणारे, जराही आवाज न करणारे नवे पंप बसवायचे. आणि मला तिच्या हाताखाली दिलं.

बेक म्हणजे इकडच्या बोलीत ओढा. त्या ओढ्याकाठी गल्ली, गल्लीच्या टोकाला आमचं स्टेशन, आणि स्टेशनच्या कुंपणाला लागून शेवटचं घर मिस्टर ऑल्डरॉइड यांचं. वय ऐंशीच्या पुढे. बायको मॉरीन चार वर्षांपूर्वी गेली, मूलबाळ नाही. नोकरी बसच्या इन्स्पेक्टरची, म्हणजे जन्मभर लोकांच्या चुका पकडल्या. रिटायर झाल्यावर हाताशी राहिलं ते आमचं स्टेशन. पंप घरघरतो, झाकण वाजतं, गॅरीची व्हॅन त्यांच्या फाटकासमोर चार बोटं पुढे लागते, अशा त्यांच्या तक्रारी रोज यायच्या. (गॅरी आमचा फिटर. पहिल्याच दिवशी मला 'लव्ह' म्हणाला. मी घाबरलो होतो. इथे बाप्येही एकमेकांना तसं म्हणतात, त्यात काही नसतं.) तक्रार आली की कुणीतरी प्रत्यक्ष जाऊन भेटायचं असा कंपनीचा नियम आहे. कुणीच जायला तयार नव्हतं. गॅरी म्हणाला, 'उल्हासला पाठवा, त्याच्याकडे पेशन्स आहे.' पेशन्स कसला, मला दुसरीकडे कुठे जायचं नव्हतं एवढंच.

पहिल्या भेटीत ऑल्डरॉइडसाहेब कुंपणापाशी आले आणि म्हणाले, 'नाऊ देन.' मी पुढचं वाक्य ऐकायला थांबलो. ते माझ्याकडे बघतायत, मी त्यांच्याकडे बघतोय. बराच वेळ गेला. शेवटी मला कळलं की 'नाऊ देन' हेच संपूर्ण वाक्य आहे आणि त्याचा अर्थ 'काय, कसं काय' असा आहे. पुढे मीही 'नाऊ देन' म्हणायला लागलो आणि मग ते आवाज, झाकण, व्हॅन असं सगळं क्रमाने सांगायचे. मी कुंपणाच्या अलीकडे, ते पलीकडे. घरात कधी बोलावलं नाही, माझ्या बुटांकडे बघता ते योग्यच होतं.

घरात गेलो तो जुना पंप उचलला त्या दिवशी. क्रेन आली होती. साखळीने पंप विहिरीतून वर काढला, आणि त्याला लटकून वर आली एक भलीमोठी वेणी, माणसापेक्षा लांब. गॅरी ओरडला, 'मागे हो!' मला वाटलं तो 'मागून धर' म्हणतोय. (इकडचं यॉर्कशरचं इंग्रजी अजून पूर्ण डोक्यात उतरलेलं नाही.) मी मागून धरायला गेलो आणि वेणी सुटली. मावशी, पुढचं वर्णन मी करत नाही. हेल्मेट होतं, चष्मा होता, तोंड मिटलेलं होतं, एवढ्यावर देवाचे आभार मान. इंजेक्शनं नंतर घेतली. काम चालू म्हणून स्टेशनचं पाणी तोडलेलं, गॅरी व्हॅनचं दार आतून लावून बसला. शेवटी ऑल्डरॉइडसाहेब कुंपणावरून म्हणाले, 'असा माझ्या गल्लीतून जाऊ नकोस,' आणि त्यांनी मला आपल्या बागेत उभं करून झाडांना पाणी घालायच्या नळीने धुतलं. फेब्रुवारी होता. मी कुडकुडत होतो आणि ते शांतपणे, गाडी धुवावी तसे, 'वळ', 'हात वर', 'कानामागे' असं सांगत होते. मग न्हाणीघर दाखवलं, साबण दिला, आणि अंगावर घालायला दिला मॉरीनबाईंचा गुलाबी, फुलाफुलांचा, गळ्याशी झालर असलेला गाऊन, कारण त्यांचे स्वतःचे कपडे माझ्या पोटावर बसेनात.

त्या गाऊनमध्ये मी स्वयंपाकघरात चहा पीत बसलो असताना अक्षया आली. सोबत कौन्सिलच्या नगरसेविका. कामाची पाहणी करायला आलेल्या. अक्षयाने माझ्याकडे बघितलं, गाऊनकडे बघितलं आणि अत्यंत गंभीरपणे ओळख करून दिली, 'हे आमचे सीनियर इंजिनिअर.' मी उठून हात पुढे केला. झालरीतून. ऑल्डरॉइडसाहेब तेवढ्यात त्यांना म्हणाले, 'हा बरा माणूस आहे. चहात दूध जास्त घालतो, पण बरा आहे.' इथे आल्यापासून, माझ्याकडून काही काम काढायचं नसताना कुणी मला बरं म्हटल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं.

त्यानंतर तक्रारी घरात बसून व्हायला लागल्या. मॉरीनबाईंची खुर्ची खिडकीजवळ आहे, तिथे कुणी बसत नाही. मला त्यांनी दुसरी दाखवली. ते बोलायचे बसच्या मार्गांबद्दल, मी सांगायचो मिरज स्टेशनच्या गाड्यांबद्दल. तुझ्याबद्दलही सांगितलं, आई गेल्यावर मला तू वाढवलंस, गणितात नापास झालो तर जेवायला वाढून मग मारायचीस, वगैरे. त्यांना तुझी ही पद्धत फार पटली.

आणि मग काम पूर्ण झालं. अक्षयाने बटण दाबलं, नवे पंप सुरू झाले, आणि सुरू झालेत की नाही हे बघायला आम्हाला पॅनेलवरचा दिवा बघावा लागला, इतके ते गप्प. झाकण नवं, रबर लावलेलं. हवा कोळशाच्या गाळणीतून बाहेर, त्यामुळे वास नाही. पंप आपली खुशाली स्वतःच फोनवर कळवतात, म्हणून कुणी तिथे जायची गरज नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. व्हॅनमध्ये बसल्यावर माझ्या लक्षात आलं, की आपण आपल्या हाताने, उत्तम रीतीने, आपलं या गल्लीत यायचं कारण काढून टाकलं आहे.

मावशी, तुला खोटं कशाला सांगू, ते दिवस फार वाईट गेले. न्हाव्याच्या दुकानावर माझी खोली आहे. खाली यंत्र चालू असतं तोवर घरात कुणीतरी असल्यासारखं वाटतं, दुकान बंद झालं की भिंतीसुद्धा लांब जातात. सुपरमार्केटमध्ये पैसे घेणारं यंत्र आहे, ते बाईच्या आवाजात 'पिशवीत अनोळखी वस्तू आहे' असं म्हणतं. एकदा मी तिला 'अहो नाही, कांदाच आहे' असं मराठीत समजावून सांगत होतो आणि मागे रांग लागली होती. शनिवारी कुणाशी एक शब्द न बोलता रविवार आला, की सोमवारी घसा खाकरून बघावा लागायचा, आवाज आहे का म्हणून. फोनवर पंपांचा निरोप यायचा, 'सर्व ठीक.' दर तासाला. मला दुसऱ्या कुणाचा निरोपच येत नव्हता, म्हणून तोही उघडून वाचायचो.

आणि एक दिवस तक्रार आली. बेक लेन, शेवटचं घर. 'वास येतो.'

मी व्हॅन काढली ती जवळजवळ पळवतच. ऑल्डरॉइडसाहेब दारात उभे. 'नाऊ देन.' 'नाऊ देन.' मी नाक वर करून गल्लीभर फिरलो, गॅसचं मीटर फिरवलं, त्यावर शून्य. वास नव्हता. म्हणजे होता, पण टोस्टचा. मी तसं सांगितलं, तर म्हणाले, 'आत्ताच गेला. थोडा बस, येईल परत.' मग आम्ही वासाची वाट बघत बसलो. चहा झाला, बिस्किटं झाली, कोच्रेन का कोण जुन्या ड्रायव्हरची गोष्ट झाली. वास काही आला नाही. निघताना मी म्हणालो, 'पुन्हा आला तर कळवा.' ते म्हणाले, 'मंगळवारी बहुतेक येईल.' मी रिपोर्टमध्ये लिहिलं: वास अधूनमधून, निरीक्षण चालू. आम्ही दोघांनीही एकमेकांकडे न बघता हे ठरवून टाकलं होतं.

तो मंगळवारी आला. पुढच्या मंगळवारीही आला. वसंत आला, फुलं आली, मला यॉर्कशर पुडिंग (नावच पुडिंग, असतं खारं) करता यायला लागलं, वास नियमित. आणि इथेच गाडी घसरली. कंपनीच्या कॉम्प्युटरला चहा कळत नाही. एकाच पत्त्यावरून पुन्हा पुन्हा तक्रार आली की तो आपणहून ती वरच्या साहेबाकडे पाठवतो. वरच्या साहेबाने गाळणी बदलायला लावली. वास गेला नाही. (कसा जाईल?) मग त्याने वास हुंगणारे तज्ज्ञ बोलावले. हसू नकोस, अशी माणसं असतात, त्यांची नाकं तपासून सर्टिफिकेट दिलेलं असतं. ती चार माणसं नाकाला काचेचं नळकांडं लावून गल्लीत उभी राहिली आणि ते बघून इतर घरांतले लोक बाहेर आले. 'काय आहे?' 'वास आहे म्हणे.' झालं! संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला वास यायला लागला. एका बाईंना तो कोबीसारखा आला, एकांना अंड्यासारखा, तिसऱ्या घरातल्या कुत्र्याने म्हणे जेवण सोडलं. स्थानिक पेपरात बातमी आली आणि गावाच्या चर्चच्या हॉलमध्ये जाहीर सभा ठरली. वरच्या साहेबाचं म्हणणं पडलं की पंप बसवण्यातच चूक आहे, सगळं उपसून पुन्हा करा आणि अक्षयाकडून काम काढून घ्या.

सभेला जाताना अक्षया व्हॅन चालवत होती. तिचे डोळे सुजलेले होते. हॉलच्या आवारात गाडी थांबवून ती म्हणाली, 'काका, मी सगळा ड्रॉइंग परत बघितला. सगळा बरोबर आहे. खरं सांगा, वास आली होती का तुम्हाला? एकदा तरी?'

मी म्हणालो, 'नाही.'

'मग तुम्ही लिहिलं का?'

मी सांगितलं. चहा, मंगळवार, यॉर्कशरचं पुडिंग, न्हाव्याच्या दुकानाचं बंद होणं, सगळं. तिने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. मला वाटलं आता ओरडेल, आणि ओरडायलाच हवं होतं. माझा व्हिसा या नोकरीला बांधलेला आहे, हे तिलाही माहीत होतं.

'मला सांगायचं ना, काका,' ती म्हणाली. 'मला राग नाही आला. मला वाईट वाटली.'

आणि मग म्हणाली, की मी सांगेन मीटर खराब होतं, तुमचं नाव येणार नाही. मी तिला स्पष्ट नाही म्हणालो. तिच्या पहिल्या कामाला माझ्या चहापायी डाग लागणार असेल तर मिरजेत पंपाचं दुकान टाकलेलं बरं.

हॉल भरलेला होता. वरचे साहेब स्टेजवर, नगरसेविका अध्यक्ष. (माझ्याकडे बघून त्या ओळखीचं हसल्या. गाऊनमुळे असावं.) कोबीवाल्या बाई बोलल्या, कुत्रेवाले बोलले. साहेबांनी हात जोडल्यासारखं करून सांगितलं, की कंपनी पूर्ण जबाबदारी घेते आणि संबंधित इंजिनिअरवर कारवाई होईल. अक्षया पहिल्या रांगेत मान खाली घालून बसली होती. मी उभा राहिलो. म्हणालो, 'मी उल्हास. या तक्रारी मी तपासल्या. मला त्यांच्याबद्दल काही सांगायचं आहे.' आणि पुढचं इंग्रजी येईना. सगळं व्हॅनमध्ये मराठीत सांगून झालं होतं, तेच डोक्यात अडकून बसलेलं.

मागून काठी आपटल्याचा आवाज आला. 'बस खाली, बाळा,' ऑल्डरॉइडसाहेब उभे राहत म्हणाले. 'वास माझा आहे.'

हॉलमध्ये कुणीतरी हसलं. त्यांनी तिकडे असं बघितलं, जणू बिनतिकीट माणूस सापडलाय.

'वास नव्हताच,' ते म्हणाले. 'या पोरीने काम चोख केलंय. इतकं चोख की ऐकूसुद्धा येत नाही. मॉरीन गेल्यावर माझ्या घरी दोघंच यायचे. एक मीटर वाचणारा, तर आता मीटर आपला आपणच वाचतो. दुसरा हा. पंप सुधारले आणि हाही यायचा बंद झाला. मला दुसरं काय करता येत होतं? चहाला ये म्हणून कुणाला सांगायचं असतं, हे मी विसरून गेलोय. तक्रार करता येते, ती केली.' मग बसले. बसताना शेजारच्या बाईंना म्हणाले, 'तुमची व्हॅनसुद्धा पुढे लागते.'

नगरसेविका चष्मा पुसत होत्या. शेवटी कोबीवाल्या बाई उठल्या आणि म्हणाल्या, 'ते सगळं ठीक, पण मला खरंच येतो.' त्यावर मात्र सगळा हॉल हसला आणि सभा आपोआप सुटली.

झालं ते असं: अक्षयाचं काम मंजूर झालं, आता तिला पुढची तीन स्टेशनं दिली आहेत. मला लेखी ताकीद मिळाली आणि माझी बदली शहराच्या दुसऱ्या टोकाला झाली. नोकरी वाचली, ती अक्षयाने वरच्या साहेबाशी बंद दाराआड जे काही बोलणं केलं त्यामुळे. काय बोलली ते ती सांगत नाही. 'कंपनीच्या कामानिमित्त त्या ग्राहकाशी संपर्क ठेवू नये' असंही पत्रात लिहिलं होतं.

पहिल्या शनिवारी मी घरीच बसलो. दुसऱ्या शनिवारी बस पकडून बेक लेनला गेलो. पिवळं जाकीट नाही, मीटर नाही, हातात काही नाही. फाटकापर्यंत गेलो आणि परत फिरलो. मग पुन्हा गेलो. मावशी, कामाशिवाय एखाद्याची बेल कशी वाजवायची हे मीही विसरलो होतो. मिरजेत बेल कोण वाजवतं, आपण सरळ आत जाऊन 'मावशी' म्हणून हाक मारतो. वाजवली शेवटी. त्यांनी दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

'काय मोडलं?'

'काही नाही.'

'मग कशाला आलास?'

पाऊस सुरू झाला होता. त्यांनी आभाळाकडे बघितलं, म्हणाले, 'पाय पुस,' आणि आत गेले. मी पाय पुसले. आत गेलो तर त्यांनी मॉरीनबाईंच्या खुर्चीवरची उशी झटकली आणि मला तिथे बसायला सांगितलं.

आता दर शनिवारी जातो. कधीकधी अक्षयाही येते, आणि ते तिला इंग्रजी शिव्या शिकवतात, ज्यांना लिंग नसतं, त्यामुळे तिला बऱ्या जमतात. बाकी सर्व क्षेम. हळदीच्या लोणच्याची बाटली संपली, पण घाई नाही. औषधं वेळेवर घे, आणि अंधार पडल्यावर जिन्यातून एकटी उतरू नकोस.

तुझा,
उल्हास

ता.क. खरं तर एका छोट्या कामासाठी पत्र लिहायला बसलो होतो, ते राहूनच गेलं. जानेवारीत मी मिरजेला येतोय, रजा मंजूर झाली आहे. माझ्याबरोबर ऑल्डरॉइडसाहेब येतायत. तुझ्याकडे उतरतील. 'मावशीने आग्रहाने बोलावलंय' असं मी त्यांना सांगून बसलोय, तेव्हा भेटल्यावर तेवढा आग्रह आठवून ठेव. ते आजवर स्पेनपेक्षा लांब गेलेले नाहीत आणि तिथेही त्यांना ऊन आवडलं नव्हतं.

ता.क. २. ते उकडलेला बटाटा, भाजलेला बटाटा आणि कुस्करलेला बटाटा असं सर्व काही खातात. त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही आणि तुला उजव्याने, तेव्हा दिवाणावर कोण कुठे बसणार ते मी आल्यावर ठरवीन. तुमच्या दोघांच्या गप्पा शेजारच्या बिल्डिंगला ऐकू जातील, त्याला इलाज नाही.

ता.क. ३. गेल्या शनिवारी त्यांनी विचारलं, तुझ्या मावशीकडे कोण कोण असतं? मी म्हणालो, ती एकटीच असते. ते म्हणाले, 'म्हणजे तू इथे आणि ती तिथे?' मी हो म्हणालो. त्यावर त्यांनी बिस्किटांचा डबा माझ्याकडे सरकवला. तेव्हापासून हे पत्र डोक्यात आहे.

ता.क. ४. तिकिटं काढून झाली आहेत. तुला नाहीच म्हणायचं असेल तर साध्या पोस्टाने कळव, म्हणजे ते इथे पोचेपर्यंत आम्ही तुझ्याकडे येऊन जेवत असू.